किन्हवलीला न थांबलेली गाडी

मी, श्रीमती वत्सला मुकेश रोकडे, वय वर्षे ६९, धंदा निवृत्त आरोग्यसेविका, राहणार मौजे सापगाव, ता. शहापूर, जि. ठाणे, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ते असे:

माझी तब्येत वयाच्या मानाने ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, डोकं कुरकुरत नाही. डॉक्टरांनी दाखला देण्याआधी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी न थांबता दोनपर्यंत आले आणि पुढे काय करू म्हणून विचारलं. दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाला, दमदाटीला किंवा गोड बोलण्याला बळी पडून करत नाही. रागाच्या भरात करताय का, असं माझ्या वकील ॲड. काजल फर्डे यांनी विचारलं. भर ओसरून बारा वर्षं झाली, राग तेवढा शिल्लक आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि तसंच लिहायला लावलं.

१. माझे यजमान मुकेश रोकडे हे आटगाव स्टेशनवर नोकरीला होते. ते २००९ साली वारले. आम्हाला एकच अपत्य, मुलगी रुचिता, वय २९, सध्या नाशिकला नोकरीस. यजमानांचा धाकटा भाऊ रोशन, वय ५५, धंदा मंडप डेकोरेटर, बायकोमुलासह आमच्या शेजारीच राहतो. या कागदात ज्यांचं काम आहे अशी घरची माणसं एवढीच. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

२. सापगाव येथील तीन खोल्यांचं घर माझ्या पगारातून बांधलेलं, माझ्या एकटीच्या नावे आणि स्वकष्टार्जित आहे. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. रोशन चारचौघांत "आमच्या दादाचं घर" म्हणतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते. दादाने घराला रंग दिला होता, तोही अर्धा. हे घर, आतल्या सामानासकट, माझ्या पश्चात रुचिताला मिळावं. बँकेतली ठेव आणि जे काही पेन्शनचं निघेल ते तिलाच.

३. पितळी समई, जी माझ्या जावेने, म्हणजे रोशनच्या बायकोने, पौर्णिमाने, "दोन दिवसांसाठी" नेली आणि सतरा वर्षं दोन दिवस संपले नाहीत, ती तिलाच द्यावी. देण्याचा समारंभ करावा. तिने ती आपल्या घरातून आणावी, माझ्या ओट्यावर ठेवावी, रुचिताने तिच्या हातात द्यावी आणि तिने ती पुन्हा घरी न्यावी.

४. आता गाडी आणि तिच्या मागचा सायकल रॅक. या कलमासाठीच मी हा सगळा खटाटोप केला आहे, तेव्हा ते नीट वाचावं.

रुचिताला बारा-तेराव्या वर्षापासून सायकलचं वेड. माझीच लागण. मी अठ्ठावीस वर्षं काळ्या लेडीज सायकलवरून पाड्यापाड्यांवर लशी नेल्या. पण रेसची सायकल चालवायची तर शहापूरला रस्ता कुठला? हायवेवर ट्रक. मुरबाडच्या पुढे टोकावड्याकडचा रस्ता मोकळा, चढउताराचा. तिथवर सायकल चालवत जाऊन पोरगी दमायची आणि सराव राहायचा. म्हणून मी चौपन्नाव्या वर्षी गाडी शिकले, सेकंडहँड छोटी गाडी घेतली आणि कल्याणच्या एका सायकलवाल्याकडून मागे लावायचा रॅक आणला. वर डिकीच्या कडेला आकडे अडकवायचे, खाली रबरी पाय टेकवायचे, पट्टे ओढून बकलात आवळायचे. दोन दांडे हातांसारखे बाहेर येतात, त्यांवर सायकलची मधली नळी ठेवायची, ती पट्ट्याने बांधायची, आणि पुढचं चाक वेगळं बांधायचं, नाहीतर ते वाऱ्याने फिरत राहतं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की निघाल्यावर वाटेत एकदा थांबून उतरावं आणि सगळे पट्टे हाताने ओढून पाहावेत. मी ते वाक्य इंजेक्शनच्या सूचनेसारखं पाळलं. सापगावहून मुरबाडला जाताना किन्हवलीच्या एसटी स्टँडसमोर थांबायचं, उतरायचं, ओढायचं, मग पुढे. तीन वर्षांत एकदाही चुकवलं नाही.

गावाने रॅकला "नर्सबाईची बाज" नाव ठेवलं. शेजारचा लडकू रोज ओट्यावरून ओरडायचा, "काय गो नर्सबाई, सायकल दमली म्हणून तिला गाडीत फिरवतेस?" त्याला मी एकदा चढावर ती सायकल चालवायला दिली. तेव्हापासून तो नुसतं "जय भीम" म्हणतो. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही.

रोशनला मात्र ती बाज फार आवडली. त्याने तिच्यावरून शिड्या नेल्या, केळीचे खांब नेले, एकदा नवरीचं आरशाचं कपाट नेलं. विचारून एकदाही नेलं नाही. २०१४च्या फेब्रुवारीत त्याने रॅकवर सायकल बांधायचे पट्टे काढून आपला जनरेटर टेंपोत बांधायला नेले आणि ते कुठल्या तरी लग्नात हरवले. नवे पट्टे यायला आठवडा होता. आणि रविवारी, २३ फेब्रुवारीला, मुरबाडला रुचिताची सायकलिंगची निवड चाचणी होती. निवड झाली असती तर पुण्यात राहून शिकायची सोय होती, जेवणखाण, सायकल, सगळं. ती सतरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी वयात बसली नसती.

त्याच रविवारी पोलिओचा डोस. माझी रजा नामंजूर. रोशन म्हणाला, "मी नेतो पोरीला. काळजी कशाला करतेस, वहिनी?" शनिवारी संध्याकाळी त्याने सायकल काथ्याच्या दोराने बांधली आणि वरून तांब्याभर पाणी मारलं. मांडववाल्यांची ही रीत आहे. काथ्या ओला झाला की आवळतो, गाठ चावून बसते. मी स्वतः दोर ओढून पाहिला. घट्ट होता. हे मी लपवत नाही. पण मी त्याला दोनदा सांगितलं, की सकाळी निघताना पुन्हा ओढून बघ आणि किन्हवलीला उतरून बघच.

तो हसला. "वहिनी, पंचवीस वर्षं मांडव बांधतोय. वादळात बांबू हलला नाय माझा. मी हाय ना!"

मांडव एका जागी उभा असतो. गाडी हलते. आणि ओला आवळलेला काथ्या सुकला की सैल पडतो. मांडववाल्याला ते कधी कळत नाही, कारण दुसऱ्या दिवशी लग्न लागून मांडव उतरलेला असतो.

५. रविवारी पहाटे माझी ड्युटी बदलून किन्हवलीच्या स्टँडवरच्या बूथवर लागली. रोशनला ते माहीत नव्हतं. माझ्याबरोबर बूथवर सावळी मंगळू मुकणे होती, जवळच्या पाड्यावरची. पोरं गोळा करून आणण्यात तिच्यासारखी बाई तालुक्यात नाही. आठच्या सुमारास माझ्या एका हातात पोराची करंगळी होती, दुसऱ्या हातात खूण करायचं मार्कर. समोरून माझी गाडी आली. गतिरोधकावर उडाली. मागे सायकलचं पुढचं चाक इकडून तिकडे फिरत होतं आणि हातभर दोर खाली लोंबत होता.

सावळी ओरडली, "बाई, त्यो दोर सुटलाय! बाई, तुमची बाज!"

मी मार्कर हातात घेऊन रस्त्यात धावले. रोशनने पोरांची गर्दी बघून दोनदा हॉर्न वाजवला आणि तसाच पुढे गेला. थांबला नाही. मी फोन लावला. सात वेळा. नंतर तो म्हणाला, "गाडी चालवताना मी फोन घेत नाय." त्या दिवशी त्याने पाळलेला नियम हा एकच.

सरळगावच्या अलीकडे सायकल पडली आणि मागून आलेल्या खडीच्या डंपरखाली गेली. रुचिता मागच्या सीटवर झोपली होती. तिला जाग आली ती आवाजाने. ती मुरबाडला पोचली तेव्हा तिच्या हातात एक चाक होतं. तिथल्या साहेबांनी तिला पाणी दिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

त्या संध्याकाळी आमच्या अंगणात माणसं जमली. रोशन सगळ्यांसमोर रडला. खरंच रडला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रडताना तो म्हणाला, "मी किन्हवलीला उतरलो, चहा घेतला, दोर ओढून बघितला. टाईट होता. बाजेचा हातच ढिला, वहिनीने कुठनं कबाडातली आणलीय. आणि काल तिनंच तर ओढून बघितलं, बरोबर हाय म्हणाली."

मी म्हटलं, मी किन्हवलीलाच बसले होते, तू थांबला नाहीस. तो म्हणाला, "वहिनी, एवढ्या पोरांच्या रड्यात तुला कुठली गाडी दिसली?" लोक हसले. सांत्वनाला आलेले लोक हसले. तिसऱ्या दिवशी सावळी पाड्यावरून, मधे एसटी बदलून, सापगावला साक्ष द्यायला आली. तिला रोशनने विचारलं, "गाडीचा नंबर वाचलास का?" ती म्हणाली, "वाचाय येत नाय मला. पन बाज वळखली. तशी बाज दुसरी हाय का कुठं?" तेव्हाही लोक हसले. तिला कोणी चहासुद्धा विचारला नाही. मी आत होते, मला उशिरा कळलं. त्याची लाज मला अजून आहे.

आणि रुचिता मला म्हणाली, "आई, काकाने निदान चूक झाली म्हणून रडून तरी दाखवलं. तू तुझी चूक त्याच्यावर ढकलतेस."

तिने त्यानंतर रेसची सायकल धरली नाही. शिकली, नोकरीला लागली, सणाला येते, माझ्या गोळ्या तपासते, तांदूळ निवडून देते. माझ्या गाडीत मात्र बसत नाही. गेल्या दिवाळीत मी पुन्हा विषय काढला, तर भाजी चिरता चिरता म्हणाली, "जाऊ दे ना आई. मी तुला कधीच माफ केलंय."

या एका वाक्यासाठी मी हे मृत्युपत्र करते आहे. मला माफी नको आहे. जी चूक मी केली नाही तिची माफी घेऊन मी मरणार नाही. मला निकाल हवा आहे.

६. निवृत्तीनंतर मी रिकामी बसले नाही. तोच रॅक, तसाच काथ्या, माझी काळी सायकल. संध्याकाळी बांधायचं, तांब्याभर पाणी मारायचं, सकाळी दोराखाली बोटं घालून बघायची. अकरा वेळा केलं. नऊ वेळा सकाळी दोन बोटं सहज आत गेली, त्यात एकदा तीन. दोन वेळा दोर घट्ट राहिला. त्या दोन्ही दिवशी हवा पावसाळी होती. तारीख, वेळ, हवा आणि बोटं असे रकाने आखून सगळं जुन्या लसीकरणाच्या रजिस्टरात लिहिलं आहे. घट्ट राहिलेले दोन दिवसही लिहिले आहेत, कारण मी नोकरीत कधी रजिस्टर खोटं भरलं नाही. रॅकचा हात अकराही वेळा जसाच्या तसा होता, आजही आहे. ते रजिस्टर या मृत्युपत्राचा भाग समजावं.

७. घराच्या पूर्वेला दीड गुंठा मोकळी जागा आहे, जिथे गाडी उभी असते. रोशनला ती बांबू आणि खुर्च्या ठेवायला हवी आहे. तो माझ्याकडे चहाला येतो आणि बोलता बोलता ती जागा पावलांनी मोजतो. एकोणीस पावलं लांब आहे, रोशन. मीही मोजली आहे.

ही जागा रोशनला मिळावी, खालील अटीवर:

माझ्या मृत्यूनंतरच्या जलदान विधीच्या आदल्या संध्याकाळी त्याने माझ्या गाडीच्या रॅकवर एक सायकल बांधावी. दोर काथ्याचा, त्याच्या स्वतःच्या गोदामातला. वरून तांब्याभर पाणी मारावं. सायकलही त्यानेच घरातून आणावी. त्याच्या मुलाकडे, भाविककडे, नवी गिअरची सायकल आहे, तीच. परक्याच्या सायकलीवर हिंमत कोणीही दाखवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, विहारासमोर सगळी माणसं जमलेली असताना, त्याने सापगावहून निघावं आणि किन्हवलीमार्गे सरळगावपर्यंत जावं. मागच्या गाडीत रुचिता आणि सावळी मुकणे यांनी बसावं. मागे दुसरं कोणतंही जड वाहन येऊ देऊ नये. मला कोणाच्या जिवावर उठायचं नाही.

सायकल सरळगावला शाबूत पोचली तर जागा रोशनची, आणि वत्सला रोकडे बारा वर्षं खोटं बोलली असं त्याने विहारात माईकवरून जाहीर करावं. माईक त्याचाच आहे.

वाटेत किन्हवलीला थांबून, उतरून, दोर ओढून बघायला आणि पुन्हा आवळायला त्याला पूर्ण मुभा आहे. मात्र तो उतरला, तर त्याने तिथेच रुचिताला सांगावं की आज उतरावंसं का वाटलं, आणि तेव्हा का वाटलं नाही. नाही उतरला, तर काय सांगायचं ते भाविकची सायकल सांगेल.

मी पावसाळ्यात मेले, तर ही चाचणी माघ पौर्णिमेनंतर घ्यावी. कारण रजिस्टरात आहे.

रोशनने अट नाकारली, टाळली, किंवा त्या दिवशी त्याची कंबर धरली, तर जागा रुचिताला जावी. तिथे शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सायकली उभ्या राहाव्यात आणि एकही बांबू ठेवला जाऊ नये. वकीलबाई म्हणतात, अट विचित्र आहे, पण बेकायदा नाही आणि अशक्यही नाही. मी म्हटलं, एवढं पुरे.

८. जलदान विधीला रोशनने माझ्यावर श्रद्धांजलीचं भाषण करू नये. तो विहारात पंचशील म्हणताना चौथं शील, खोटं न बोलण्याचं, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणतो. ते त्याने चालू ठेवावं. मंडप त्याचाच घालावा आणि त्याचं भाडं चुकतं करावं. फुकट घातला असं त्याने नंतर सांगू नये. भाषण सावळीने करावं. तिला जेवढं बोलायचं असेल तेवढं बोलू द्यावं, आणि आधी तिला चहा द्यावा.

९. माझी काळी लेडीज सायकल सावळीच्या नातीला, रविनाला द्यावी. ती किन्हवलीला शिकायला येते. चेन मी दर महिन्याला पुसते, तिनेही पुसावी.

१०. गाडी आणि रॅक रुचिताला. पट्टे नवे आहेत, चार जादा जोड्या डिकीत आहेत. शेडमध्ये छताला तिच्या जुन्या सायकलची वाकलेली फ्रेम टांगली आहे. मी ती भंगारात दिली नाही, कारण तो पुरावा होता. चाचणी झाल्यावर ती उतरवावी. पुढे तिचं काय करायचं, ते रुचिताने ठरवावं. एवढीच इच्छा आहे की निकाल लागल्यानंतर तिने एकदा नवी सायकल या रॅकवर चढवावी, टोकावड्याला जावं आणि एकटीने चढ चढून यावा. ही अट नाही. तिला मी कसलीच अट घालणार नाही.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. काजल फर्डे यांनी करावी. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे केलंच, तर याच्याहून कडक करीन.

वरील मजकूर मी सांगितला, मला वाचून दाखवला, मी पुन्हा स्वतः वाचला आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून घेतलं. प्रत्येक पानावर सही केली आहे.

ठिकाण: शहापूर
दिनांक: १२ मार्च २०२६

(सही) वत्सला मुकेश रोकडे

वत्सला रोकडे यांनी आमच्या समक्ष सही केली व आम्ही त्यांच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १: (सही) सावळी मंगळू मुकणे. अंगठा नाही, सही. पन्नाशीनंतर शिकली.

साक्षीदार २: (सही) रोशन काळू रोकडे

ता. क. सह्यांच्या खाली लिहिलेल्याला कायद्यात किंमत नसते, असं वकीलबाई म्हणाल्या. हे कायद्यासाठी नाही.

रुचिता, तुझ्या काकाला मीच बोलावलं. तोच मला माझ्या गाडीतून शहापूरला घेऊन आला, जागा आपल्या नावावर होणार या खुशीत. वकीलबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या बाबतीत कायदा आड येत नाही, पण ज्याला काही मिळण्याची शक्यता आहे त्याला साक्षीदार करणं बरं दिसत नाही." मी म्हटलं, "तुम्ही सातवं कलम वाचलंत ना? मग कुठे आहे शक्यता?"

मी सगळी पानं त्याच्यासमोर ठेवली. सावळीच्या आणि वकीलबाईंच्या देखत त्याला दोनदा सांगितलं, "रोशन, सही करायच्या आधी एकदा वाचून बघ." तो हसला आणि म्हणाला, "वाचायचं काय त्यात, वहिनी? मी हाय ना! कुठं करू सही, तेवढं दाखव."

मी बोट ठेवलं, तिथे त्याने सही केली.